सोडली की सुटली

“तुम्ही जरा बाजूला होता का?” फोटोग्राफर माझ्या नवऱ्याला म्हणाला. आवाजात उद्धटपणा नव्हता, उलट मार्दवच होतं. मी खिडकीशी बसले होते, मांडीवर अकरा महिन्यांची लेक, आणि मागच्या खुर्चीत तो. तो लगेच उठला, “हो हो, सॉरी” म्हणत पलीकडच्या भिंतीला टेकून उभा राहिला. मग फोटोग्राफरने टेबलावरचा लॅपटॉप मिटला आणि माझ्या हाताशी, पण थोडा मागे सरकवून ठेवला. उघडा राहिला तर काम अजून चालू आहे असं वाटेल, म्हणाला. माझी लॅबमधली वही मी मुद्दाम कपाटातून काढून ठेवली होती. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, आत माझंच बारीक अक्षर. फ्रेममध्ये गर्दी होते म्हणून ती त्याने उचलून सोफ्यावर ठेवली. तेवढ्यात लेकीने माझे केस मुठीत धरले, मी हसले, आणि त्याने नेमका तो क्षण टिपला. फोटो सुंदर आला. इतका, की छापून आल्यावर ओळखीच्या चार जणींनी मला तो पाठवला. फोटोच्या उजव्या कडेला, नीट पाहिलं तरच दिसेल अशी, रिकाम्या खुर्चीची अर्धी पाठ आहे.

लेख माझ्यासारख्या बायकांवर होता. भरपूर शिकलेल्या, चांगल्या जागी काम करणाऱ्या, आणि मूल झाल्यावर घरी थांबलेल्या. लिहिणारी मुलगी हुशार होती, मन लावून ऐकत होती. तासभर आम्ही बोललो. तो तासभर नवरा त्याच खोलीत होता. मध्ये पाणी आणून दिलं, लेक कुरकुरायला लागली तेव्हा तिला खांद्यावर टाकून फेऱ्या मारल्या. त्याला एकही प्रश्न विचारला गेला नाही. ‘तुम्ही का नाही थांबलात घरी’ हा तर नाहीच, पण साधं ‘तुम्हाला काय वाटतं’ एवढंसुद्धा नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही ते खटकलं नाही. खटकलं ते पुढे कितीतरी महिन्यांनी, एका रात्री लेकीला थोपटत असताना, आणि मग खटकतच राहिलं.

छापील मजकुरात मी बोलले होते त्यातलं बरंचसं तसंच होतं. एक वाक्य मात्र बदललं होतं. मी म्हणाले होते, “नोकरी सुटली.” छापून आलं होतं, “मी नोकरी सोडली.”

तिने ते मुद्दाम केलं नसणार. कानाला तेच सरळ वाटलं असेल.

मराठीत या जोड्या किती सहज तोंडात येतात. तोडणं आणि तुटणं, फोडणं आणि फुटणं, पाडणं आणि पडणं. व्याकरणाचा गंध नसतानाही मुलांना यातला भेद कळतो. लेक अडीच वर्षांची असताना तिच्या हातून काचेचा पेला निसटला. फरशीवरच्या तुकड्यांकडे बघत ती हळूच म्हणाली, “फुटला.” ‘फोडला’ म्हटलं की कुणीतरी लागतं, हे तिला तेव्हाच उमगलेलं होतं. माझ्या नोकरीचे तर आमच्या घरातच दोन पाठ होते. आई फोनवर सांगायची, “तिची नोकरी सुटली हो,” आणि तिच्या आवाजात काहीतरी हरवल्याची हळहळ असायची. सासूबाई सांगायच्या, “सोडली तिने, बाळासाठी,” आणि त्यांच्या आवाजात अभिमान असायचा. दोघींचीही माझ्यावर माया, दोघीही आपापल्या परीने खरंच बोलत होत्या. पण आईचं ऐकलं की वाटायचं, यात माझा काही हातच नव्हता का? आणि सासूबाईंचं ऐकलं की वाटायचं, हे काय मी एकटीने केलं?

मी पेशी वाढवायचे. प्रयोगशाळेत, प्लास्टिकच्या चपट्या फ्लास्कमध्ये. पेशींना रविवार नसतो. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं मीडियम, म्हणजे त्या ज्यात वाढतात तो पोषक द्रव, बदलावं लागतं. ताजं मीडियम गुलाबीसर लाल असतं. पेशी वाढत जातात तसं आम्ल साठतं आणि रंग केशरी होत होत पिवळ्यावर जातो. फ्लास्क उजेडाकडे धरला की त्यांना भूक लागली आहे का ते लांबूनच कळतं. इन्क्युबेटरच्या दारावर ३७.० हा आकडा, आत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ओलसर ऊब. दार उघडलं की ती ऊब चेहऱ्यावर येते. बाळंतपणाची रजा संपवून परत गेले त्या सकाळी ती तशीच आली आणि मला लेकीच्या टाळूचा वास आठवला. तिथे तसा कुठलाच वास नव्हता, तरी आठवला. मी दार जरा जास्तच वेळ उघडं धरून उभी राहिले. इन्क्युबेटरचा अलार्म वाजला तेव्हा भानावर आले.

परतल्यावर चार महिने खपून मी एक क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेला पेशींचा समूह, वेगळा काढला होता. गोठवून ठेवण्याइतक्या पेशी अजून झाल्या नव्हत्या. एका शुक्रवारी रात्री लेकीला १०२ ताप चढला. नवरा कामासाठी परगावी होता. त्याने त्या आठवड्यात जायचं की नाही हा प्रश्न आमच्या घरात कुणी काढलाच नव्हता, मीही नाही. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी लॅबमध्ये पोचले तर फ्लास्क पिवळेजर्द. सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तळाला चिकटून, पसरून असायला हव्यात त्या पेशी गोल होऊन तरंगत होत्या. मी वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं, ‘मीडियम बदललं गेलं नाही.’ कुणाकडून ते लिहिलं नाही. लॅबमध्ये आम्ही सहा जण होतो, सगळ्यांना मीडियम बदलता येत होतं, पण प्रत्येकाचा प्रकल्प प्रत्येकाचा. दुसऱ्याच्या फ्लास्कला हात लावायचा नाही ही तिथली शिस्त, आणि ती मलाही पटलेली होती. आमचे प्रमुख रागावले नाहीत. “प्राधान्य कशाला द्यायचं ते तूच ठरव,” एवढंच म्हणाले. दोन महिन्यांनी मी राजीनामा दिला. टाइप मीच केला, सही माझीच. म्हणजे सोडलीच की.

आणि तरीही सुटली, असंच माझ्या तोंडातून येतं.

लेख छापून आल्यानंतर मी असले लेख शोधून वाचायला लागले. लेक झोपली की तिच्या शेजारी आडवी होऊन, फोनचा उजेड अगदी कमी करून. यातले सगळ्यात गाजलेले लेख अमेरिकेतले आहेत, आणि ते एकापाठोपाठ वाचले की गंमत नाही, धस्स होतं. डिसेंबर १९८० मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने बातमी दिली होती की शिकलेल्या तरुण मुली आता करिअरपेक्षा कुटुंब निवडू म्हणतात. त्याच वृत्तपत्राच्या रविवारच्या मासिकात २६ ऑक्टोबर २००३ रोजी लिसा बेल्किन यांचा लेख आला, प्रिन्स्टनसारख्या विद्यापीठातून शिकून घरी बसलेल्या बायकांवर. ‘ऑप्ट-आउट’, म्हणजे आपणहून बाहेर पडणं, हा शब्द त्या लेखामुळे घरोघर पोचला. लगेच दोन वर्षांनी, २० सप्टेंबर २००५ ला, पहिल्या पानावर लुईस स्टोरी यांची बातमी: येल विद्यापीठातल्या मुलींना मातृत्वाची वाट हवी आहे. १३८ मुलींनी ईमेलवरच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती आणि त्यातल्या साधारण ६० टक्के म्हणाल्या होत्या की मुलं झाल्यावर काम कमी करू किंवा थांबवू. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. कमी करू, किंवा थांबवू. त्यातल्या जवळजवळ निम्म्या मुलींना अर्धवेळ काम करायचं होतं, म्हणजे काम करायचंच होतं. पण मथळ्यात शिरताना त्या सगळ्या घरी बसल्या. १९८० साली ज्या मुलींबद्दल हे लिहिलं गेलं, त्यांच्या मुली २००५ पर्यंत कॉलेजात पोचल्या असतील, आणि त्यांच्याबद्दलही तीच बातमी, तितक्याच नवलाने.

फोटोही सारखेच. बाई बसलेली, मूल मांडीवर किंवा कडेवर, उजेड एका बाजूने. ऑफिस कधीच दिसत नाही. ते दाखवणार कसं म्हणा, ते तर मागे राहिलं. पण ऑफिस दिसलं नाही की तिथे काय झालं हा प्रश्नही पडत नाही. कॅलिफोर्नियातल्या कायद्याच्या प्राध्यापक जोन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा ११९ लेखांचा एकत्र अभ्यास केला, १९८० ते २००६ या काळातल्या. अहवालाच्या नावातच त्यांनी सवाल केला होता, बायका आपणहून बाहेर पडल्या की बाहेर ढकलल्या गेल्या. लेखांत घराची ओढ पानभर, आणि कामाच्या ठिकाणचे तास, बदल्या, अर्धवेळ मागितल्यावर मिळालेला नकार, हे एखाद्या ओळीत उरकलेलं. मला तो अहवाल वाचताना हायसं वाटलं. माझं वाक्य कुणीतरी परत दुरुस्त करून दिल्यासारखं वाटलं.

पुढच्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ पामेला स्टोन यांचं संशोधन पुस्तकरूपाने आलं. नोकरी सोडून घरी थांबलेल्या ५४ बायकांशी त्या सविस्तर बोलल्या होत्या. बहुतेकींनी असं काही ठरवलेलं नव्हतं. त्या आधी तास कमी करून पाहत होत्या, जुळवून पाहत होत्या, आणि जुळलं नाही. त्यात नवऱ्यांचं एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं, आणि तिथे मी थांबलेच. ‘निर्णय तुझा आहे.’ मला तेच वाक्य मिळालं होतं. लेकीचा ताप उतरल्यानंतरच्या रात्री मी स्वयंपाकघराच्या दारात रडत उभी होते आणि नवऱ्याने माझा हात हातात घेऊन म्हटलं होतं, “तू ठरव. तू जे ठरवशील त्याला माझा पाठिंबा आहे.” इतकं प्रेमाने म्हटलं होतं त्याने, की त्या रात्री मला तो जगातला सगळ्यात चांगला नवरा वाटला. तो आहेही चांगला. पण पाठिंबा देणारा माणूस बाजूला उभा असतो. सभेत असो की घरात, पाठिंबा बाजूनेच देतात. मधे मी एकटी होते. फोटोग्राफर येण्याच्या कितीतरी आधी तो चौकटीच्या बाहेर जाऊन उभा राहिला होता, आणि त्याला तिथे जायला मीही मदत केली होती, कारण त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता आणि ‘साहजिकच’ हा शब्द आम्ही दोघंही न उच्चारता वापरत होतो.

एवढं सगळं कळूनही एक गोष्ट उरतेच आणि ती लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मला घरी थांबायचं होतं. सगळं नाही, पण त्यातलं काहीतरी मला मनापासून हवं होतं. दुपारी लेक अंगावर पिताना तिचा हात माझ्या गळ्याशी काहीतरी शोधत राहायचा, नखं बोचायची, आणि मग झोप लागली की तो हात एकेक बोट सैल करत उघडायचा. ते पूर्ण उघडेपर्यंत मी हलायचे नाही. लॅबमध्ये असते तर मला ते दिसलं नसतं. म्हणून ‘ढकलल्या गेल्या’ हेही मला पूर्ण मानवत नाही. ते वाचून हायसं वाटलं होतं हे खरं, पण दुसऱ्याच रात्री वाटलं, यात माझी ती दुपार कुठे आहे? एका लेखात मी मातृत्वाची मूर्ती, दुसऱ्यात मी व्यवस्थेची बळी, आणि त्या दुपारी मुलीच्या बोटांकडे बघत बसलेली, आनंदात असलेली आणि त्याच वेळी मरून गेलेल्या पेशींचा हिशेब करणारी बाई या दोन्हीत नाही. माझ्या बाजूने लिहिणाऱ्यांनीसुद्धा मला थोडं सोपं केलं, हे मला सांगायचं आहे.

आणि एक बाई तर कुठल्याच लेखात नसते. आमच्या लॅबमध्ये काचसामान धुणाऱ्या एक ताई होत्या. त्यांना माझ्या आधी वर्षभर मुलगा झाला होता. दोन महिन्यांत त्या परत आल्या, बाटल्या विसळायच्या, वाफेने निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह लावायच्या, आणि दुपारी पाठ भिंतीला लावून दहा मिनिटं डोळे मिटायच्या. मी नोकरी सोडल्यावर सामान न्यायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “बरं केलंत. मला जमलं असतं तर मीही केलं असतं.” त्यांच्या घरी बसण्याला कुणी ‘निवड’ म्हटलं नसतं, कामावर परत येण्यालाही म्हटलं नाही. त्यांच्या कामाला करिअर म्हणत नाहीत, म्हणून मग ते सोडलं की नाही याची बातमीही होत नाही. तेव्हा मी फक्त मान हलवली होती. आज वाटतं, त्या मुलाखतीच्या तासात मी एकदा तरी त्यांचं नाव घ्यायला हवं होतं. माझ्यापेक्षा त्यांना विचारण्यासारखं जास्त होतं.

या सगळ्यातून बाहेर पडायची वाट कशी असते, ते मला अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांच्या लिखाणात दिसलं. बायकांच्या कामाचा दोनशे वर्षांचा इतिहास तपासून त्यांनी जे मांडलं, त्यासाठी २०२३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अमेरिकेतल्या औषधनिर्मात्यांचं, म्हणजे फार्मासिस्टचं, उदाहरण त्या देतात. पूर्वी दुकान स्वतःचं असायचं, तास लांबलचक, मालकच हवा. पुढे साखळी दुकानं आली, रुग्णाच्या औषधांची नोंद संगणकावर गेली, आणि एका फार्मासिस्टच्या जागी दुसरा उभा राहिला तरी गिऱ्हाइकाचं काही अडेनासं झालं. कमी तास काम करणाऱ्याला पैसे त्या प्रमाणातच कमी, वर दंड नाही. स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतलं अंतर त्या व्यवसायात बरंच घटलं. हे वाचून मी उठून बसले. माझ्या डोळ्यांपुढे ते फ्लास्क आले. शनिवारी सकाळी लॅबमधल्या पाच जणांपैकी कुणीही वीस मिनिटं काढली असती तर क्लोन जगला असता. फळ्यावर एक वेळापत्रक पुरलं असतं. त्यासाठी मला आईपण आणि संशोधन यांच्यात काहीच निवडावं लागलं नसतं.

अर्थात वीस मिनिटांनी सगळंच सुटत नाही. समाजशास्त्रज्ञ शेली कोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सारख्याच तोलाचे अर्ज, फरक एवढाच की काही अर्जांतून उमेदवाराला मुलं आहेत हे कळत होतं. आई असलेल्या उमेदवाराला सुचवलेला सुरुवातीचा पगार, मूल नसलेल्या बाईपेक्षा वर्षाला सुमारे ११,००० डॉलरने कमी होता. बाप असलेल्याचं काहीच बिघडलं नाही. हा प्रयोग मी मागच्या महिन्यात पुन्हा आठवला, कारण मीच अर्ज भरायला बसले होते.

लेक आता सात वर्षांची आहे. परत जायचं माझ्या मनात दोन वर्षं घोळत होतं. २००३ च्या त्या लेखाच्या काळात नोकरी सोडलेल्या बायकांचं पुढे काय झालं याचा शोध त्याच मासिकाने दहा वर्षांनी, २०१३ मध्ये घेतला होता. काहींचं लग्न मोडलं होतं, काही परतल्या होत्या पण खूप खालच्या पायरीवर, कमी पैशांत. तो लेख मी अर्धाच वाचून बाजूला ठेवला होता. मागच्या महिन्यात, लेक झोपल्यावर, टेबलाशी बसून मी ऑनलाइन फॉर्म उघडला. नाव, पदवी, प्रकाशित निबंध, अनुभवाची वर्षं. आणि मग, ‘सेवेत खंड असल्यास कारण.’ खाली यादी उघडली. आजारपण, उच्च शिक्षण, वैयक्तिक निवड, इतर. मी ‘इतर’ निवडलं, तर खाली एक लहानसा चौकोन आला, साठ अक्षरांचा.

नवरा भांडी आवरून आला आणि माझ्यामागे उभा राहिला. मी म्हटलं, “तू सांग, काय लिहू?”

एवढ्या वर्षांत मी त्याला हे पहिल्यांदाच विचारत होते. तो पटकन म्हणाला, “आपलं ठरलं होतं ना तसं.” मी मागे वळून पाहिलं. “कुणी ठरवलं होतं?” माझ्या आवाजात भांडण नव्हतं, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. खिडकीबाहेर कुणाची तरी गाडी सुरू होऊन निघून गेली. मग त्याने त्या आठवड्याची आठवण काढली. ज्या शुक्रवारी ताप आला, त्या शुक्रवारी. त्याला परत यायला सुटी मागता आली असती, म्हणाला. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं की हे मागायचं असतं. मुक्कामाच्या खोलीत बसून त्याने मला तीनदा फोन केला होता आणि तीनही वेळा तापाचा आकडा विचारला होता. “पेशींचं विचारलंच नाही मी,” तो म्हणाला. मला ते फोन आठवत होते. तेव्हा मला ते काळजीचे वाटले होते, आणि होतेही.

“त्या चौकोनात माझं नाव लिहिता येईल का?” त्याने विचारलं.

मी फॉर्म वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला. तशी जागा कुठेच नव्हती. चौकोनात मी लिहिलं, ‘मूल लहान होतं, दोघांपैकी एकाने थांबायचं होतं.’ खाली आकडा दाखवत होता, अजून काही अक्षरं शिल्लक. त्याने पलीकडची खुर्ची ओढून माझ्या खुर्चीला लावली, आणि राजीनाम्याची नेमकी तारीख कोणती होती ते आम्ही दोघं आठवायला लागलो.